सरासरी मापाचा सूट

सासुरवाडीच्या जेवणात ती गोष्ट निघायला खास निमित्त लागत नसे. कोणी पाण्याचा जग पुढे सरकवला तरी पुरे. सासूबाई गंभीर चेहऱ्याने म्हणत, "जावईबापू, जपून हं, खोल आहे," आणि टेबलाभोवतीची मंडळी पोट धरून हसत. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली त्या गोष्टीचा पुरावाही लावलेला होता: चंदेरी चादरीत गुंडाळलेले, ओठ निळे पडलेले, बचाव-होडीतून दोघांनी दंडाला धरून उतरवलेले थोरले जावई.

गेल्या वर्षीच्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे आधी तलावात पोहायचे, मग सायकल हाणायची आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही तर धावायचे, अशा त्या शर्यतीत, तो पोहण्याच्या अर्ध्या वाटेवर हात वर करून मोकळा झाला होता. त्याच्या आदल्या वर्षीही झाला होता. फरक इतकाच, की पहिल्या वेळी बघायला कोणी नव्हते, आणि दुसऱ्या वेळी धाकट्या जावयाला प्रोत्साहन द्यायला आलेले अख्खे सासर काठावर उभे होते. त्यात आयोजकांनी यंदा नवा नियम काढला: लागोपाठ तीन वर्षे ज्याचे पोहणे अपुरे राहील, त्याचा अर्ज पुन्हा घेतला जाणार नाही. त्यामुळे ही शेवटची संधी होती. सायकलीची आणि धावण्याची त्याला फिकीर नव्हती. तिथे दमलेल्या माणसाला निदान थांबून उभे राहता येते. त्याला एकदाच, फक्त एकदाच, स्वतःच्या हातापायांनी त्या पाण्याबाहेर यायचे होते.

तो मोजमापांच्या प्रयोगशाळेत काम करी. कारखान्यांतून येणारी वजने, मापे आणि तापमापके खरे बोलतात की नाही, हे तपासायचे. वजनाला बोट लागू द्यायचे नाही, ते चिमट्यानेच उचलायचे. खोलीचे तापमान तसूभर हलले तर दिवसभराचे काम बाद करायचे. सहकारी त्याला मायक्रॉन म्हणत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे हे नाव आपल्या काटेकोरपणावरून पडले, असे तो समजे. सहकाऱ्यांच्या मनात मात्र त्याने चहाच्या वर्गणीत घातलेली भर होती.

घरात टूथपेस्टची नळी संपली, की तो ती कात्रीने उभी चिरी. यात गरिबी नव्हती. बायकोचा दातांचा दवाखाना उत्तम चालत होता. यात तत्त्व होते. कोणतीही वस्तू तिच्या किमतीइतका उपयोग करते का, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर, असे तो म्हणे. आणि सिद्ध होईपर्यंत पैसे खिशात.

या तत्त्वाला रोजचे खाद्य पुरवीत ते त्याचे साडू. मेहुणीच्या या नवऱ्याचे फरशांचे दुकान होते आणि ट्रायथलॉनच्या बाजारात येणारी प्रत्येक वस्तू सर्वप्रथम त्यांच्या अंगावर दिसे. थेंबाच्या आकाराचे हेल्मेट, कार्बनची चाके, आणि गेल्या मोसमात तर वारा कापणारे मोजे.

"हे मोजे घातले की हवेचा विरोध कमी होतो, साडूबुवा. चाचणी झालेली आहे."

"किती जणांवर?"

"झाली आहे हो! वेबसाइटवर आहे."

"मोजे विकणाऱ्यांच्या?"

"मग काय चपला विकणाऱ्यांच्या असणार?"

"हेल्मेटचं पटतं मला," मायक्रॉन म्हणाला. "काही सेकंद नक्की वाचत असतील. पण ते सेकंद वाचवून तुम्ही करता काय? खाण्याच्या स्टॉलवर पहिला नंबर लावता. पोटावरचा घेर कमी केलात तर वारा फुकटात कापला जाईल."

साडू हसले, कारण ते स्वभावाने चांगले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मोज्यांचा आणखी एक जोड मागवला.

अशा माणसाच्या वाट्याला पुराव्याने यावे, हे दुर्दैव. यंदाच्या तयारीत मायक्रॉनने पोहण्याच्या रबरी सुटावरचे, म्हणजे वेटसूटवरचे, संशोधन वाचायला घेतले. हेतू साधा होता: मोज्यांसारखीच त्याचीही पिसे काढायची. पण पिसे निघेनात. एका प्रयोगाला पैसे सूट बनवणाऱ्यांनीच दिले होते. तो त्याने आनंदाने बाजूला टाकला. उरलेले जागचे हलेनात. सूट तरंगवतो, थंडी अडवतो, आणि ज्यांचे पाय पाण्यात खाली जातात त्यांना त्याचा फायदा सर्वांत जास्त होतो, असे एकामागून एक लोक मोजून सांगत होते. मायक्रॉनचे पाय नांगरासारखे खाली जात. त्याने ते निबंध पुन्हा वाचले, आकडेमोडीत चूक शोधली, आणि रागारागाने मान्य केले.

पुराव्यापाठोपाठ किंमत आली. ती पाहून तो उठून पाणी प्यायला गेला.

तोडगा खालच्या मजल्यावरच्या ऑडिटरने सुचवला. हा उंच, सडसडीत गृहस्थ चांगला पोहणारा होता आणि काटकसरीच्या बाबतीत मायक्रॉनला आदर वाटावा असा एकमेव जिवंत माणूस होता.

"वर्षातून एकदा अर्धा-पाऊण तास वापरायची वस्तू," ऑडिटर म्हणाला. "बाकी वर्षभर कपाटात पडून नुसता घसारा. एकट्याने घेणं हा गुन्हा आहे. भागीदारीत घेऊ."

"पण शर्यत तर सगळ्यांची एकाच दिवशी."

"एकाच वेळी नाही. वेगाप्रमाणे तुकड्या सोडतात. मी पहिल्या तुकडीत, तुमचे साडू मधल्या, तुम्ही..." ऑडिटर सभ्य होता; त्याने वाक्य पुरे केले नाही.

साडूंना घेणे सोपे गेले. घरात नवी वस्तू आणायची नाही, असा मेहुणीने त्यांना दम भरला होता, आणि एक तृतीयांश वस्तू म्हणजे वस्तू नव्हेच, असा खुलासा त्यांनी तिच्यापुढे लगोलग तयार ठेवला. राहिला प्रश्न मापाचा. दुकानाच्या तक्त्यात उंची, वजन आणि छाती यांवरून माप ठरत होते. ऑडिटर ताडमाड, साडू रुंद, मायक्रॉन आखूड आणि किरकोळ. तिघे मायक्रॉनच्या दिवाणखान्यात तक्त्यावर डोकी टेकवून बसले. शेवटी मायक्रॉननेच पेन्सिल उचलली, तिघांच्या उंचीची बेरीज करून तिनाने भागले, मग वजनाची, मग छातीची, आणि आलेल्या आकड्यांपुढे बरोबरची खूण केली.

"हे बघा. तिघांनाही समान अन्याय."

प्रयोगशाळेत नव्या उमेदवाराने हे केले असते तर त्याची धडगत नव्हती. सरासरी काढायची ती एकाच वस्तूच्या अनेक मोजण्यांची. तीन वेगळ्या वस्तूंची सरासरी काढली तर चौथीच वस्तू हाती येते आणि ती जगात कुठेही नसते. हे वाक्य मायक्रॉन दरवर्षी उमेदवारांना ऐकवी. त्या संध्याकाळी त्याला ते आठवले नाही. बचत समोर दिसू लागली, की माणसाचे शिक्षण आधी गळून पडते.

बायको दवाखान्यातून येऊन दारात चपला काढत हे ऐकत होती. "मीही तसंच करते आता," ती म्हणाली. "तीन पेशंटमध्ये एक कवळी. सकाळी एकाने जेवायचं, दुपारी दुसऱ्याने."

"अगं, सूट ताणतो. रबर आहे ते."

"हिरड्याही ताणतात हो. पण पेशंट ओरडतो."

खोके आले तेव्हा साडूंनी ते उघडायला चाकूसुद्धा आणला होता. ऑडिटरने त्यांचा हात धरला. सील फोडले नाही तर माल परत घेतला जातो, असे पावतीवर छापले होते. शर्यत रद्द झाली तर? कोणाचा पाय मुरगळला तर? शर्यतीच्या सकाळपर्यंत सील फोडायचे नाही, असे सर्वानुमते ठरले. न तपासलेले उपकरण कामाला लावायचे नाही, हे ज्याच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेले होते, त्यानेही हात वर केला.

शर्यतीच्या सकाळी तलावावर धुके होते आणि पाणी अंगाला चावेल इतके गार होते. नियमपुस्तिकेत तीन स्पर्धकांनी एकच सूट घालू नये असा नियम नव्हता, कारण नियम लिहिणाऱ्यांना अशी माणसे सुचली नव्हती. सील फोडले गेले. ऑडिटरच्या अंगावर सूट चढला तेव्हा बाह्या कोपराखाली संपल्या आणि पायांची नळी पोटरीशीच थांबली. तरी तो मुळातच उत्तम पोहणारा. पाण्यात गेला आणि बाहेर आला. काठावर त्याने सूट सोलला, मेहुणीने तो बखोटीला मारला आणि ती सुरुवातीच्या रेषेकडे धावत सुटली. वस्तू घरात आणायची नाही म्हणणारीच आता ती गावभर मिरवीत होती.

ओला सूट साडूंना चढवायला चार माणसे लागली. छातीपाशी तो अडला, तेव्हा साडूंनी श्वास आत घेतला, मेहुणीने पाठीवर गुडघा टेकून चेन ओढली, आणि काहीतरी करकरले.

"काय मोडलं?" मायक्रॉनने विचारले.

"काही नाही, भाऊजी. तुम्ही मागे व्हा."

साडूंना सबंध पोहताना श्वास सोडता आला नाही. ते बाहेर आले तेव्हा चेहरा जांभळा होता आणि अभिमान शाबूत. पण सूट काही त्यांना सोडीना. ओढाताण चालू असतानाच शेवटच्या तुकडीचा भोंगा वाजला. सगळे पाण्यात गेले. मायक्रॉन काठावर चड्डीत उभा राहून आपला एक तृतीयांश साडूंच्या घोट्यातून निघण्याची वाट बघत राहिला.

अखेर तो निघाला. मायक्रॉनने घाईने चढवला. बाह्या तळहातांवर आल्या, घोट्यांशी वळ्या पडल्या. चेन वर गेली, पण तिने दात धरले आहेत असे वाटेना. त्याने पाण्यात उडी घेतली.

आणि पाय वर आले. आपोआप! आयुष्यात पहिल्यांदा त्याचे पाय त्याच्या मागे, सभ्य माणसाच्या पायांसारखे, पाण्याच्या पृष्ठभागावर राहिले. पुरावा खरा होता. एका सुटाच्या बाबतीत का होईना, विकणारे खरे बोलले होते, आणि त्याला त्या गार पाण्यात शरमेसकट आनंद झाला.

तो आनंद पहिल्या तरंगत्या खुणेपर्यंत टिकला. तिथे पाठीवरची चेन फाटत कमरेपर्यंत गेली. पाठीतून पाणी आत घुसले, पोटाशी साठले, बाह्यांत उतरले. पाण्यात पाण्याला वजन नसते, हे त्याला ठाऊक होते; पण हात पाण्याबाहेर काढला, की बाहीतले पाणी हाताबरोबर वर येई आणि तेव्हा मात्र त्याला पुरेपूर वजन असे. पाठीवरचे तोंड पोत्यासारखे उघडे पडले होते. तो पुढे ओढी, पोते मागे ओढी. त्याची तुकडी पुढे केव्हाच दिसेनाशी झाली.

तेवढ्यात शेजारी वल्हे वाजले. होडीत नारिंगी जाकीट घातलेली त्याची बायको बसली होती. तिने स्वयंसेवकांत नाव घातले होते, हे त्याला माहीत होते. घरातले कोणीतरी होडीत असलेले बरे, असे ती म्हणाली होती, आणि तो आठवडाभर तिच्याशी धड बोलला नव्हता.

"अहो, येताय का?"

"नाही."

"मग हे काय चाललंय? पोहताय की पाणी भरताय?"

तो उत्तर द्यायला गेला आणि तलाव थोडा प्याला.

"होडी धरली तर चालते," ती म्हणाली. "फक्त पुढे सरकायचं नाही."

"मला नियम माहीत आहेत!" असे म्हणत त्याने होडी धरली. गेल्या वर्षी इथेच कुठेतरी हात वर गेला होता. हात वर करणे फार सोपे होते. वर चादर होती, बायको होती, आणि फ्रिजवर दुसऱ्या फोटोला जागाही होती. वल्हे मारणाऱ्याने सरावाने हात पुढे केला.

"घ्यायचं ना यांना?"

मायक्रॉनने त्या हाताकडे पाहिले. मग बायकोकडे पाहून म्हणाला, "बाही ओढ."

"काय?"

"सूट काढायचाय. तू बाही ओढ, मी सरकतो."

"इतक्या गार पाण्यात? आणि ते दोघं काय म्हणतील?"

"दोन तृतीयांश त्यांचा आहे. तेवढा नीट सांभाळ."

तिने क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिले. हिरडीत मूळ अडकलेल्या दाताकडे ती असेच पाहत असावी. मग होडीच्या तळाला पाय रोवून तिने बाही पकडली आणि एका हिसक्यात खेचली. त्याच्या अंगावर सूट इतका ढगळ होता, की पाय सुटायलाही वेळ लागला नाही. काळे, गळके रबर होडीत धपकन पडले.

"यांना नाही घ्यायचं," ती वल्हेवाल्याला म्हणाली. "यांचे कपडे तेवढे."

"तू पुढे जा," मायक्रॉन दातांवर दात आपटत म्हणाला. "माझ्या शेजारून येऊ नकोस. लोकांना वाटेल, होडीच्या आधाराने आलो."

"आणि बुडलात तर?"

"मागे दुसरी होडी आहे. तिच्यात आपलं कोणी नाही."

गार पाणी एकदम सगळीकडून भिडले. पाय पुन्हा नांगर झाले. पण इतका वेळ पाणी उचललेले हात आता रिकामे होते, आणि रिकामा हात म्हणजे काय चीज असते, हे त्याला त्या दिवशी कळले. पुढे त्याने यावर बराच विचार केला. हात हलके झाले म्हणून जमले, की होडी धरून दम खाल्ला म्हणून, की वर्षभराचा सराव म्हणून, की बायकोने ज्या नजरेने पाहिले तिच्यामुळे? एकाच वेळी इतक्या गोष्टी बदललेल्या प्रयोगातून निष्कर्ष काढता येत नाही. त्याने काढला नाही. तो फक्त पोहत राहिला, वाकडातिकडा, कुत्रा पोहतो तसा, आणि कधीतरी त्याच्या बोटांना चिखल लागला.

पोहण्याची मुदत संपल्याचा भोंगा अजून वाजलेला नव्हता. तो उभा राहिला. स्वतःच्या पायांवर, गुडघाभर पाण्यात, सर्व पुराव्यांनिशी उभा राहिला आणि त्याने मान वर करून सासर शोधले.

सासर धक्क्यावर होते आणि त्याच्याकडे पाठ करून होते. होडी आधीच लागली होती. बायको हातावर रिकामा काळा सूट टाकून उतरली, तो बघून सासूबाईंनी किंकाळी फोडली होती. "जावईबापू कुठेत? अगं, माझे जावईबापू कुठेत?" त्यांच्या आवाजात चेष्टा कुठेही नव्हती. दोन्ही भागीदारही धावले होते. ऑडिटरने धावण्यासाठी बूट चढवले होते, साडूंची सायकल बाजूला आडवी पडली होती. शर्यत विसरून दोघे सुटावर वाकले होते.

"चेन तुटली!" ऑडिटर ओरडला.

"बघू, बघू. वॉरंटीत बसेल ना?" साडू म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला.

"पोहणं झालं माझं," मागून मायक्रॉन म्हणाला.

सगळे वळले. सासूबाईंनी छातीवरचा हात काढला, चड्डीत कुडकुडणाऱ्या थोरल्या जावयाला आपादमस्तक न्याहाळले, आणि त्यांचा जीव जसा भांड्यात पडला तसा त्यांचा आवाजही जागेवर आला.

"आधी अंगावर काहीतरी घाला! लोक बघतायत!"

लोक बघत नव्हते. वेळ नोंदवणारा पंच तेवढा त्याच्याकडे बघत होता आणि त्याने जांभई दिली.

पुढचे सारे यथास्थित झाले. सायकल झाली, धावणे झाले, आणि स्टॉल आवरले जात असताना मायक्रॉनने शेवटची रेषा ओलांडली. पुढच्या आठवड्यात सासुरवाडीला जेवण होते. फ्रिजवरचा फोटो बदललेला होता. मायक्रॉन आशेने जवळ गेला. चंदेरी चादरीतल्या जावयाच्या जागी आता साडूंनी वॉरंटीसाठी काढलेला फोटो होता: बायकोच्या हातावर मान टाकून पडलेला सूट.

"गेल्या वर्षी निदान जावई तरी परत आले होते," सासूबाई सर्वांना वाढता वाढता म्हणाल्या. "यंदा नुसते कपडे आले." हशा उसळला. मात्र पाण्याचा जग या वेळी त्यांनी स्वतः उचलून त्याच्या पेल्यात ओतला आणि पेला अर्धाच भरला.

"मी चेन बदलून आणतो," साडू म्हणाले. "ऑडिटरही तयार आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा तिघांत."

"नको," मायक्रॉन म्हणाला. "मी माझा घेतो. माझ्या मापाचा."

चमचे थांबले. साडूंच्या चेहऱ्यावर विजयाचा सूर्य उगवला. "म्हणजे पटलं! महागाच्या वस्तूत काहीतरी असतं, हे पटलं ना शेवटी?"

"एका वस्तूत असतं. ती अंगाला बसली तर. तुमचे मोजे अजूनही नुसते मोजेच आहेत."

"अहो, चाचणी झालेली आहे!"

पण बायको उठली होती. आईच्या शिवणाच्या डब्यातून तिने टेप आणली आणि त्याला खुर्चीवरून उठवले. "हात पसरा. आत्ताच घेते माप. घरी जाईपर्यंत मत बदलेल तुमचं."

त्याने हात पसरले. टेपच्या कडा विरलेल्या होत्या आणि सुरुवातीचे आकडे पुसट झाले होते.

"ही तपासलेली आहे का कुठे?"

"श्वास सोडा. आणि गप्प उभे राहा."

तिने टेप पाठीमागून फिरवून छातीवर जुळवली, वाकून पाहिले आणि आकडा मोठ्याने वाचला. तो सरासरीच्या बराच खाली होता. मेहुणी फिस्कन हसली. पद्धतीप्रमाणे मोजणी निदान तीनदा व्हायला हवी होती. मायक्रॉनने हात खाली घेतले आणि पहिलाच आकडा लिहून घेतला.